घंटा एकटी नाही



तुमच्यापैकी बरेच जण भीमाशंकरला जाऊन आले असतील. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या बाजूने वर चढत गेलं की धुकं लागतं. मग गाडी सोडायची आणि पायऱ्या उतरून देवळात जायचं. तिथे आवारात, शनीच्या देवळासमोर, एक मोठी घंटा टांगलेली आहे. दर्शनाच्या ओढीने पुढे जाणाऱ्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. जवळ जाऊन निरखलं तर तिच्यावर क्रूस दिसतो. ही घंटा चर्चची आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळच्या मेणवलीला एक आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे साल आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. भीमाशंकरची घंटा त्याच गोतावळ्यातली.

आज मला या घंटेविषयी, आणि ती जिथून आली त्या वसईतल्या एका म्हाताऱ्या बाईविषयी बोलायचं आहे. त्या बाईंमुळे मला चर्चच्या आत काय चालतं ते थोडंफार कळलं. मी जुन्नरचा मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. चर्चविषयी बोलण्याचा माझा अधिकार पाहुण्याचा. पाहुण्याला घरातल्या काही गोष्टी मुळीच कळत नाहीत, पण काही गोष्टी त्याच्या आधी नजरेत भरतात, त्या एवढ्यासाठीच की त्याला त्यांची सवय नसते.

पुण्याला बी.ए. करताना माझा एक मित्र वसईचा होता. १९९० च्या नाताळात तो मला घरी घेऊन गेला. मी बरोबर नारायणगावची द्राक्षं नेली होती, येताना त्याच्या आईने सुकेळी बांधून दिली. पुढची पंचवीसेक वर्षं ही देवघेव चालली. घर केळीच्या वाडीत, मागे विहीर, पुढे ओटीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली मिणमिणता दिवा. घरात त्यांची कादोडी बोली चाले. मला ती निम्मीच समजायची, म्हणून आई माझ्याशी मराठीत बोलत.

पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, "मिस्साला येतोस? नुसता बस हो. काही करायचं नाही." मी गेलो. दाराशीच घुटमळलो. बायका-पुरुषांनी बाक भरलेले. आई आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मला पाहून बाजूला सरकल्या. शेजारची बाई सरकली, तिच्या पलीकडची सरकली, आणि माझ्यापुरती जागा झाली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, सगळं इंग्रजीत असणार. पण प्रार्थना मराठीत, वाचन मराठीत, गाणी मराठीत, आणि फादरांचं प्रवचन तर आपल्याकडच्या कीर्तनकाराने कान द्यावा असं मराठीत. नंतर मी आईंना विचारलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही लहान होतो तेव्हा सगळं लॅटिनमध्ये होतं. फादर पाठमोरे उभे. आम्हाला पाठ सगळं, कळायचं काहीच नाही." १९६२ ते १९६५ या काळात रोमला व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला परवानगी मिळाली. त्यानंतर वसईच्या वेदीवर मराठी आली.

मी त्यांना सांगितलं, "आमचं उलटं आहे आई. आम्ही नमाज अरबीतच पढतो. पाठ सगळं, आणि मनातली मागणी मात्र मराठीत." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "लॅटिन गेलं तेव्हा मला सुरुवातीला चुकल्यासारखं वाटायचं. न कळणाऱ्या शब्दांचीही सवय लागते रे." हे मला फार खरं वाटलं. कळणारा शब्द आणि न कळणारा शब्द, माणसाला दोन्ही लागत असावेत.

मात्र ख्रिस्ती धर्म आणि मराठी यांची ओळख त्या परिषदेहून फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे तेव्हा तुकोबा आठ-दहा वर्षांचे असतील. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, 'सुबोध बायबल' सिद्ध केलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. आमचा जुन्नर तालुका कॅथलिकांच्या व्यवस्थेत पुणे धर्मप्रांतात येतो. त्या धर्मप्रांताचे २००९ साली बिशप झालेले थॉमस डाबरे हे वसईचेच, आणि त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. तुकोबांचा अभ्यासक पुण्याचा बिशप होतो, हे ऐकून आईंना फारसं नवल वाटलं नव्हतं. "मग दुसरं कशावर करणार?" एवढंच त्या म्हणाल्या.

वसईत 'पॅरिश'ला 'धर्मग्राम' म्हणतात. हा शब्द मला आवडतो. त्यात धर्म आहे आणि गावही आहे. धर्मग्रामाचं कामकाज मी पाहुणा म्हणून जितकं पाहिलं, त्यात बराचसा भाग वहीचा आहे. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, मृत्यूची वही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी ठेवायला सांगितलं, तेव्हापासूनची ही शिस्त. माणूस जन्मला की त्याचं नाव एका वहीत चढतं, आणि गेला की दुसऱ्या. मधल्या आयुष्यात वही नाही, तिथे माणसं आहेत.

एका रविवारी आईंना ताप होता. त्या चर्चला गेल्या नाहीत. दुपारच्या जेवणापर्यंत तीन जणं दारात येऊन गेली. "बाक रिकामा दिसला," एवढंच म्हणत. संध्याकाळी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे दोन सभासद आले. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केली, आणि तिचा मूळ नियम साधा आहे: गरजूला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, आणि शक्यतो जोडीने जायचं. आईंना पैशाअडक्याची गरज नव्हती. ते दोघे शेजारच्या घरी आले होते आणि जाता जाता डोकावले. शेजारच्या घरात काय अडचण होती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हाही त्यांचा नियमच असावा.

मी भारावून गेलो होतो. माझा मित्र मात्र वैतागलेला असे. त्याने कॉलेजपासून चर्चला जाणं कमी केलं होतं. तो म्हणे, "तुला दोन दिवस बरं वाटतं. इथे राहून बघ. बाक रिकामा दिसला की विचारतात, तसंच कुणाबरोबर फिरताना दिसला की तेही विचारतात." त्याचंही खोटं नव्हतं. ज्या डोळ्यांना आपली गैरहजेरी दिसते, त्यांनाच आपल्या चुकाही दिसतात. छोट्या गावात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. तरी मला वाटायचं, कुणालाच न दिसण्यापेक्षा हे बरं. तरुणपणी या मुद्द्यावर आम्ही रात्री रात्री वाद घातले आहेत.

आईंचं आणि माझं धर्माविषयी बोलणं व्हायचं ते बहुधा भाजी निवडताना. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्यात मरियाबाई आहे का रे?" मी सांगितलं, आहे. कुराणातला एकोणिसावा सूरा तिच्याच नावाचा आहे. मरियम एकटी, लोकांपासून दूर, खजुराच्या झाडाखाली प्रसूतीच्या कळा सोसते, आणि त्या झाडाचा खजूर आणि पायाजवळचा झरा तिला आधार देतात, असं त्यात येतं. आईंच्या हातातली भाजी थांबली. "खजुराचं झाड? आमच्यात गोठा आहे." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पण एकटी होती, ते बरोबर." येशू आमच्यात पैगंबर आहेत, देवाचे पुत्र नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेवढं राहू दे. फादरांना विचारीन." विचारलं की नाही, ठाऊक नाही. माझं जेवणाचं ताट मात्र तसंच वाढलं गेलं.

२०१४ मध्ये आईंनी अंथरूण धरलं. मी जून महिन्यात भेटायला गेलो होतो. खिडकीतून चर्चची संध्याकाळची घंटा ऐकू आली. दिवसातून तीनदा ही घंटा होते: सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी. मरियेला देवदूताने दिलेला निरोप त्या वेळी आठवायचा असतो. आईंनी झोपल्या झोपल्या ओठ हलवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमची एक घंटा तुमच्याकडे आहे ना? भीमाशंकरला? तिचा आवाज कसा आहे?"

मित्र चिडला. म्हणाला, "आवाज काय विचारतेस? लूट होती ती. परत मागायला पाहिजे." हा प्रश्न मला अवघड होता, आणि आजही आहे. युद्धात जिंकलेलं ते युद्धात हरलेल्याचं गेलेलं असतं, हे विसरून चालत नाही. दुसऱ्या बाजूने, वसईत पोर्तुगिजांनीही सुखाने कुणाची देवळं राहू दिली होती असं नाही. आमच्या जुन्नरला तर वस्तूंनी धर्म बदलल्याच्या खुणा डोंगराडोंगरांत आहेत. लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बसला आहे तो बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या विहारात. त्याच डोंगररांगांतल्या लेण्यांत यवन म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांच्यापैकी एकाने भिक्खूंसाठी पाण्याच्या टाक्या खोदून दिल्या. कुणाचं काय, आणि कधीपासूनचं, हा हिशेब आमच्याकडे दोन हजार वर्षं मागे जातो.

आईंनी मुलाचं बोलणं मनावर घेतलं नाही. "परत नको रे. कुठे टांगणार? मला नुसतं ऐकायचंय," त्या म्हणाल्या. मी कबूल केलं, पुढच्या वेळी आवाज भरून आणतो.

जुलैच्या अखेरीस जायचं ठरवलं होतं. पण ३० जुलैच्या सकाळी आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कशी कळली, ते तुम्हाला आठवत असेल. गावातून फोन करायला कुणी उरलं नव्हतं. रोजच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव दिसेना. जिथे रोज थांबायचं, तिथे चिखल. त्याने खबर दिली आणि मग यंत्रणा हलली.

त्या चालकाचा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तो त्या गावचा नव्हता, नातेवाईक नव्हता. तो फक्त रोज येत होता. रोज येणाऱ्यालाच कळतं की आज काहीतरी नाही. त्या आठवड्यात मला वसईचा तो रिकामा बाक आठवला, आणि "बाक रिकामा दिसला" म्हणत दारात आलेली तीन माणसं आठवली. धर्मग्राम म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा माळीणच्या एस.टी.ने जास्त नीट समजावलं.

ऑगस्टमध्ये मी भीमाशंकरला गेलो. श्रावण होता. सोमवार टाळला होता, तरी गर्दी होती. डिंभ्याजवळून जाताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. देवळाच्या आवारात पाऊस आणि धुकं. मी घंटेजवळ जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर संकोच वाटत होता. नाव कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण कुणी विचारू नये असंही वाटत होतं. एका दुकानदाराला म्हटलं, "एका आजारी बाईंना हिचा आवाज ऐकवायचाय. वसईच्या आहेत त्या." तो म्हणाला, "मग वाजवा की. घंटा आहे ती." मी मुठीने हलकेच थाप मारली आणि मोबाइल जवळ धरला.

तिथे उभं असताना मला आमच्यातली एक जुनी हकिकत आठवली. मदिनेत लोकांना नमाजसाठी कसं बोलवावं, असा प्रश्न पडला. कुणी म्हणालं, ख्रिस्ती लोक वाजवतात तसं काही वाजवावं. कुणी म्हणालं, ज्यू लोकांसारखं शिंग फुंकावं. अखेर माणसाच्या आवाजाने बोलवायचं ठरलं आणि हजरत बिलाल यांनी पहिली अजान दिली. म्हणजे आमच्याकडेही घंटेसारख्या साधनाचा एकदा विचार झाला होता! धातू असो की गळा, काम एकच. बोलवायचं. आणि बोलावणं असलं की कोण आलं नाही, तेही समजतं.

आठवड्याभराने मी वसईला गेलो. मोबाइल आईंच्या कानाशी धरला. रेकॉर्डिंग चांगलं झालं नव्हतं. घंटेचा आवाज जेमतेम, दबका. बाकी सगळा पाऊस, चपलांचा आवाज, 'हर हर महादेव'चा गजर, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि "रांगेत या, रांगेत या" म्हणणारा एक माणूस. मी ओशाळलो. म्हटलं, "आई, नीट आलं नाही. पुन्हा जाऊन आणतो."

त्यांनी हाताने थांब म्हटलं. पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "किती माणसं आहेत रे तिथे." थोड्या वेळाने पुन्हा, "बरी आहे मग. एकटी नाही."

मित्र खिडकीपाशी उभा होता. त्याने घंटा परत मागण्याची गोष्ट त्यानंतर माझ्यापाशी काढली नाही. त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. मत त्याचं असेल, आणि ते ठेवायचा त्याला हक्क आहे. पण त्या दिवशी तो गप्प राहिला.

आई २०१६ मध्ये गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला, दफनाला पोचता आलं नाही. त्या वर्षी २ नोव्हेंबरला गेलो. कॅथलिकांचा तो सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर फुलं आणि मेणबत्त्या. फादर रांगांमधून फिरत आशीर्वाद देत होते. ज्या थडग्यांपाशी कुणी आलं नव्हतं, तिथे शेजारच्या थडग्यावरचे लोक आपल्यातली एक मेणबत्ती लावत होते. मला शब-ए-बरात आठवली. त्या रात्री आम्हीही कब्रस्तानात जातो, कबरी झाडतो, फुलं घालतो, फातेहा पढतो. आईंच्या थडग्यापाशी मी मनात फातेहा पढलो. अरबीतच. त्यांना न कळणाऱ्या शब्दांची सवय होती.

आता शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती माझी आहे. वडील गेल्यापासून मी जुम्म्याच्या नमाजला मशिदीत जाणं सोडलं होतं. भांडण कुणाशी नव्हतं. लहानपणापासून मी वडिलांच्या शेजारी उभा राहत आलो होतो. ते गेल्यावर रांगेत कुठे उभं राहायचं, हेच सुचेना. लोकांना सांगायचो, आपण कवी माणूस, आपली इबादत मनात चालते. ऐकायला बरं वाटतं. पण मनातल्या बाकावर शेजारी कुणी नसतं, आणि तो रिकामा राहिला तर विचारायला दारात कुणी येत नाही.

वसईहून परतल्यावर पहिल्या शुक्रवारी मी जुन्नरच्या आमच्या मशिदीत गेलो. उशीर झाला होता, रांगा लागल्या होत्या. मी दाराशीच घुटमळलो. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं. वडिलांचे दोस्त. इतके दिवस कुठे होतास, असं ते विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवायला लागलो.

त्यांनी काही विचारलं नाही. ते बाजूला सरकले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)